स्वतः धावणारा शास्त्रज्ञ : टिम नोक्स आणि दीर्घ पल्ल्याच्या खेळातील आहारविचाराचा इतिहास

प्रस्तावना

मॅरेथॉन धावणाऱ्याने किती पाणी प्यावे? हा प्रश्न आज कोणत्याही धावण्याच्या क्लबमध्ये विचारला, तर "तहान लागेल तेव्हा, तहानेपुरते" असे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हेच उत्तर "जमेल तितके, तहान लागण्याची वाट न पाहता" असे होते. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, "शक्यतो पिऊच नये" असे सांगितले जात असे. माणसाचे शरीर शंभर वर्षांत बदललेले नाही. मग सल्ला दोनदा उलटा कसा झाला?

या पाठात आपण हा बदल एका व्यक्तीच्या कारकिर्दीतून समजून घेणार आहोत. दक्षिण आफ्रिकेतील टिमोथी नोक्स हे डॉक्टर, व्यायामशास्त्राचे प्राध्यापक आणि सत्तरहून अधिक मॅरेथॉन व अतिदूर पल्ल्याच्या शर्यती धावलेले धावपटू. आहारशास्त्राची स्वतंत्र पदवी त्यांच्याकडे नाही. तरीही खेळाडूंनी काय खावे आणि काय प्यावे, या विषयावर गेल्या चाळीस वर्षांत जे वाद झाले, त्यांपैकी अनेकांच्या केंद्रस्थानी ते राहिले आहेत. त्यांचे एक म्हणणे जगाने स्वीकारले, तर दुसऱ्याबद्दल आजही तीव्र मतभेद आहेत. हा फरक का पडला, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे. उत्तर शोधताना एक गोष्ट सतत लक्षात ठेवा : स्वतः खेळणाऱ्या शास्त्रज्ञाला स्वतःच्या अनुभवातून चांगले प्रश्न सुचतात, पण त्या प्रश्नांची उत्तरे त्याच अनुभवातून मिळतात का?

१. पार्श्वभूमी : धावणाऱ्याने काय खावे-प्यावे?

आधुनिक मॅरेथॉनचा जन्म १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये झाला. त्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत खेळाडूंच्या आहाराविषयी शास्त्रीय माहिती जवळजवळ नव्हती. १९०४ च्या सेंट लुई ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये कडक उन्हाळा आणि धुळीचा रस्ता असूनही वाटेत पाण्याची सोय मुद्दाम फार कमी ठेवली होती. विजेत्या टॉमस हिक्स यांना वाटेत ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन दिले गेले, हे प्रसिद्ध आहे. स्ट्रिक्नीन हे विष आहे, पण त्या काळी ते थोड्या मात्रेत उत्तेजक म्हणून वापरत.

शास्त्रीय निरीक्षणाची सुरुवात १९२४ च्या बोस्टन मॅरेथॉनपासून झाली असे म्हणता येईल. तेथील डॉक्टरांनी शर्यत संपवून आलेल्या धावपटूंच्या रक्तातील साखर तपासली. अगदी गळून गेलेल्या काहींची साखर खूप खाली आलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना शर्यतीआधी कर्बोदकयुक्त आहार आणि वाटेत गोड गोळ्या दिल्या, तेव्हा परिणाम सुधारला. खेळाडूच्या आहारातील साखरेचे महत्त्व असे प्रथम मोजून दाखवले गेले.

यानंतरचा मोठा टप्पा स्वीडनमध्ये गाठला गेला. योनास बेर्गस्ट्रॉम यांनी विशेष सुईने स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. १९६६ मध्ये त्यांनी आणि एरिक हुल्टमन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगातील व्यक्ती ते दोघेच होते. प्रत्येकाने सायकल एकाच पायाने चालवली आणि दुसऱ्या पायाला विश्रांती दिली. नंतर काही दिवस कर्बोदकयुक्त आहार घेतल्यावर दमलेल्या पायातील ग्लायकोजेनचा साठा दुसऱ्या पायापेक्षा कितीतरी वाढलेला दिसला. ग्लायकोजेन म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेले कर्बोदक. शर्यतीच्या आदल्या दिवसांत भात, बटाटे, पास्ता भरपूर खाण्याची प्रथा या संशोधनातून आली.

हा प्रयोग आपल्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. शास्त्रज्ञांनी स्वतःवरच प्रयोग केला, पण तुलनेसाठी दुसरा पाय होता आणि मोजमापासाठी सुई होती. "मला बरे वाटले" एवढ्यावर निष्कर्ष उभा नव्हता.

पाण्याबाबतचा बदल दक्षिण आफ्रिकेतून आला. तेथील सोन्याच्या खाणी फार खोल आणि उष्ण होत्या. खाणमालकांच्या संघटनेच्या प्रयोगशाळेत उष्णतेचा कामगारांवरील परिणाम अभ्यासला जाई. त्याच प्रयोगशाळेतील विंडहॅम आणि स्ट्रायडम यांनी १९६९ मध्ये लांब शर्यतीतील धावपटूंचा अभ्यास करून, धावताना पुरेसे पाणी न पिणे धोक्याचे आहे असे मांडले. त्याआधी १९६५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड यांनी फुटबॉल खेळाडूंसाठी मीठ-साखरेचे पेय तयार केले होते. तेच पुढे गेटोरेड म्हणून बाजारात आले. या दोन प्रवाहांतून "प्या, भरपूर प्या" हा नवा सल्ला घडला.

२. नोक्स यांची जडणघडण

नोक्स यांचा जन्म १९४९ मध्ये ऱ्होडेशियातील सॅलिसबरी येथे, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतील हरारे येथे झाला. ते लहान असतानाच कुटुंब दक्षिण आफ्रिकेत आले. केपटाउन विद्यापीठात त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि १९७४ मध्ये पदवी मिळवली. विद्यार्थिदशेत ते नौकानयन करत, नंतर धावण्याकडे वळले. रुग्णालयातील सेवेपेक्षा संशोधन त्यांना जवळचे वाटले. हृदयतज्ज्ञ लायनेल ओपी यांच्या प्रयोगशाळेत काम करून १९८१ मध्ये त्यांनी वैद्यकशास्त्रातील संशोधन पदवी मिळवली.

त्यांच्या धावण्यात कॉम्रेड्स मॅरेथॉनला विशेष स्थान आहे. नावात मॅरेथॉन असले तरी ही शर्यत ४२ किलोमीटरची नाही. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांदरम्यान ती सुमारे ९० किलोमीटर धावली जाते. एका वर्षी चढाच्या दिशेने, तर पुढच्या वर्षी उताराच्या, अशी दिशा साधारणपणे बदलते. पीटरमॅरिट्झबर्ग हे नाव भारतीय वाचकाला परिचित असेल. १८९३ मध्ये मोहनदास गांधी यांना रेल्वेच्या डब्यातून उतरवले गेले ते याच स्थानकावर. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅफम यांनी १९२१ मध्ये ही शर्यत सुरू केली. तेव्हा ३४ जण धावले. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळण्यासाठी १९७५ साल उजाडावे लागले. नोक्स यांनी ही शर्यत सात वेळा पूर्ण केली.

दर वर्षी हजारो माणसे दिवसभर धावतात, आणि त्यांच्यातलाच एक जण डॉक्टर आहे. नोक्स यांच्यासाठी कॉम्रेड्स ही शर्यतही होती आणि निरीक्षणाची जागाही.

३. पहिला वाद : मॅरेथॉन आणि हृदयविकार

१९७० च्या दशकात अमेरिकेत धावण्याची लाट आली होती. कॅलिफोर्नियातील विकृतिशास्त्रज्ञ टॉमस बॅसलर हे स्वतः मॅरेथॉन धावत. जो मॅरेथॉन पूर्ण करू शकतो आणि धावपटूला साजेशी जीवनशैली ठेवतो, त्याला हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा जीवघेणा आजार होत नाही, असे त्यांनी मांडले. धावपटूंना हे ऐकायला फार आवडले.

नोक्सही धावपटूच होते. तरी त्यांनी ओपी आणि इतर सहकाऱ्यांसह उलट पुरावा गोळा केला. मॅरेथॉन पूर्ण केलेल्या काही धावपटूंच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार स्पष्ट दिसला होता. हा लेख १९७९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आला. धावणे हृदयाला लाभदायक आहे, हे त्यातून खोटे ठरले नाही. पण लाभ होणे आणि पूर्ण संरक्षण मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठरले. छातीत दुखत असतानाही "मी तर मॅरेथॉन धावतो" म्हणून दुर्लक्ष करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा होता.

४. १९८१ ची कॉम्रेड्स आणि एक प्रश्न

१९८१ ची कॉम्रेड्स दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात वेगळ्या कारणानेही लक्षात राहिली. प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या सोहळ्याशी शर्यत जोडली गेल्याचा निषेध म्हणून ब्रूस फोर्डाइस दंडावर काळी फीत बांधून धावले आणि जिंकले. पुढे त्यांनी ही शर्यत एकूण नऊ वेळा जिंकली.

त्याच दिवशी, बऱ्याच मागे, ४६ वर्षांची एक धावपटू अडचणीत होती. तिने सल्ल्यानुसार पाण्याची जवळपास सगळी टेबले गाठत, भरपूर पीत शर्यत चालवली होती. शेवटचे सुमारे वीस किलोमीटर उरले असताना तिची शुद्ध हरपत चालली आणि पुढे तिला झटके आले. अशा रुग्णाच्या शरीरात पाणी कमी पडले असणार, अशी त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा सोडियम लिटरमागे ११५ मिलिमोल निघाले. निरोगी माणसात ते १३५ ते १४५ असते. ती वाचली, आणि आपल्याला हे का झाले, हा प्रश्न तिने नोक्स यांना विचारला.

इथे क्षणभर थांबून शरीरशास्त्र समजून घेऊ. एका धावपटूला तासाला ७०० मिलिलिटर घाम येतो असे धरा. तो तासाला एक लिटर पाणी पितो आणि सात तास धावतो. घामावाटे गेले ४.९ लिटर, प्यायले गेले ७ लिटर. फरक २.१ लिटर. विश्रांतीच्या वेळी हे जास्तीचे पाणी लघवीवाटे सहज बाहेर पडले असते. पण दीर्घ श्रमाच्या ताणात काही जणांच्या शरीरात लघवी रोखणारे संप्रेरक स्रवतच राहते, आणि पाणी आत अडकते. रक्त पातळ होते, सोडियमचे प्रमाण घसरते आणि पाणी पेशींमध्ये शिरून त्या फुगतात. इतर अवयव थोडी सूज सहन करतात. मेंदू मात्र कवटीत बंद असल्याने त्याला फुगायला जागा नसते. डोकेदुखी, उलटी, गोंधळ, झटके, बेशुद्धी अशी लक्षणे दिसतात आणि मृत्यूही येऊ शकतो. विशेष म्हणजे यातली सुरुवातीची बरीच लक्षणे पाणी कमी पडल्याच्या लक्षणांसारखीच दिसतात. त्यामुळे मदतनीस अशा धावपटूला आणखी पाणी पाजतात.

नोक्स स्वतः तोवर धावपटूंनी अधिक पाणी प्यावे या मताचे होते. या एका रुग्णामुळे त्यांना शंका आली. पण त्यांनी लगेच नवा नियम सांगितला नाही. त्यांनी तशीच आणखी प्रकरणे शोधली. १९८५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सात तासांहून अधिक चाललेल्या श्रमांनंतर आजारी पडलेल्या चार खेळाडूंची नोंद प्रसिद्ध केली आणि अतिजलपान हे कारण असू शकते असे सुचवले.

५. शंकेपासून नियमापर्यंत

पुढचा प्रश्न होता : दोष घामातून मीठ गेल्याचा, की पाणी जास्त झाल्याचा? १९८८ च्या कॉम्रेड्सनंतर अशा आठ धावपटूंना रुग्णालयात ठेवून, ते बरे होईपर्यंत त्यांच्या शरीरातून किती पाणी बाहेर पडते हे मोजले गेले. प्रत्येकाच्या शरीरात पाणी जास्तच निघाले, कुणाच्या सव्वा लिटरच्या आसपास तर कुणाच्या सहा लिटरच्या जवळपास. १९९१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शंकेला आता मोजमापाचा आधार मिळाला होता.

तरीही जगातील सल्ला लगेच बदलला नाही. १९९६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने खेळाडूंनी घामाइतके, किंवा सहन होईल तितके जास्तीत जास्त द्रव प्यावे असे सांगितले. तासाला ६०० ते १२०० मिलिलिटर हा त्यातला आकडा गाजला. हा आकडा वेगवान, भरपूर घाम गाळणाऱ्या खेळाडूला कदाचित मानवेल. पण त्याच काळात मॅरेथॉनमध्ये हौशी धावपटूंची संख्या वाढत होती. हळू धावणाऱ्याला घाम कमी येतो, तो रस्त्यावर पाच-सहा तास असतो आणि प्रत्येक टेबलावर थांबून पिण्याइतका वेळ त्याच्याकडे असतो. म्हणजे सर्वांत मोठा धोका विजेत्याला नव्हता, शेवटून येणाऱ्याला होता.

न्यूझीलंडमधील अनुभवाने हे अधिक स्पष्ट केले. तेथील डेल स्पीडी आणि सहकाऱ्यांनी १९९७ च्या आयर्नमॅन ट्रायथलॉननंतर ३३० खेळाडूंचे रक्त तपासले. त्यांपैकी १८ टक्क्यांचे सोडियम सामान्यपेक्षा खाली होते. पुढच्या वर्षी पाण्याच्या टेबलांची संख्या कमी केली आणि अति न पिण्याविषयी खेळाडूंना समजावले. या कारणाने उपचाराला येणाऱ्यांची संख्या स्पष्टपणे घटली.

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांच्या एका धावपटू स्त्रीचा याच कारणाने मृत्यू झाला. त्याच शर्यतीतील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी आढळले आणि तिघांमध्ये ते धोकादायक पातळीवर होते. शर्यतीत वजन वाढणे हे त्यांतले ठळक लक्षण होते. जो माणूस ४२ किलोमीटर धावून वजन वाढवून येतो, त्याने गरजेपेक्षा जास्त प्यायले आहे, हे समजायला यंत्र लागत नाही, साधा वजनकाटा पुरतो.

२००५ मध्येच केपटाउन येथे या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय सहमती परिषद भरली. त्याच वर्षी नोक्स आणि अनेक देशांतील सहकाऱ्यांनी २,१३५ खेळाडूंच्या वजनाच्या आणि रक्ततपासणीच्या नोंदी एकत्र मांडल्या. २००७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने आपली भूमिका बदलली : घामापेक्षा जास्त पिऊ नये, आणि वजनात फार मोठी घटही होऊ देऊ नये. २०१५ च्या परिषदेने तहानेनुसार पिण्याची स्पष्ट शिफारस केली.

वर्षे मोजून पाहा. पहिला रुग्ण १९८१ चा, बदललेला नियम २००७ चा. मध्ये २६ वर्षे गेली. एवढा काळ का लागला? नोक्स यांनी २०१२ मध्ये लिहिलेल्या 'वॉटरलॉग्ड' या पुस्तकात पेय उद्योगाच्या प्रभावाला मोठे कारण मानले आहे. या उद्योगाने संशोधनाला पैसा पुरवला हे खरेच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी दोन कारणे विचारात घ्यावीत. पाणी कमी पडल्याचा आणि उष्माघाताचा धोका खरोखर अस्तित्वात होता, त्यामुळे "कमी प्या" असे सांगायला डॉक्टर कचरत. शिवाय नोक्स यांनी पुढे जाऊन निर्जलीकरणाचे बहुतेक दुष्परिणाम अतिशयोक्त आहेत असेही मांडले, आणि त्या भागाबद्दल उष्णतेचे अभ्यासक आजही सहमत नाहीत.

याच काळात नोक्स यांचे इतर कामही चालू होते. 'लोअर ऑफ रनिंग' हा त्यांचा जाडजूड ग्रंथ १९८५ मध्ये आला आणि जगभरच्या धावपटूंचा संदर्भग्रंथ ठरला. १९९५ मध्ये रग्बीपटू मॉर्ने दु प्लेसी यांच्यासह त्यांनी केपटाउनला क्रीडाविज्ञान संस्था स्थापन केली. थकवा स्नायूत नव्हे तर मेंदूच्या नियंत्रणात ठरतो, हा त्यांचा सिद्धान्तही १९९० च्या दशकात पुढे आला. त्यावर अजून चर्चा चालू आहे, म्हणून इथे केवळ उल्लेख करतो.

६. कर्बोदके : जेलपासून 'बँटिंग'पर्यंत

आता दुसऱ्या वादाकडे वळू. १९८० च्या दशकात नोक्स कर्बोदकांचे खंदे पुरस्कर्ते होते. शर्यतीत पिशवीतून चोखून घेता येईल असे कर्बोदकांचे जेल तयार करण्यात त्यांचा सहभाग होता. त्या उत्पादनाच्या नावातील तीन इंग्रजी आद्याक्षरे फोर्डाइस, डॉक्टर बर्नार्ड रोझ आणि नोक्स यांची होती. 'लोअर ऑफ रनिंग'मध्येही कर्बोदकयुक्त आहाराचा सल्ला होता.

डिसेंबर २०१० मध्ये हे बदलले. वय ६१, वजन वाढलेले, धावणे जड झालेले. वडिलांना टाइप २ मधुमेह होता आणि नोक्स यांच्यातही तो उद्भवल्याचे निदान झाले. दशकानुदशके धावणाऱ्या, नियमाप्रमाणे खाणाऱ्या माणसाला मधुमेह कसा होतो, हा प्रश्न त्यांच्यासाठी आता खासगी झाला. कमी कर्बोदकांच्या आहाराविषयीचे एक पुस्तक वाचून त्यांनी धान्य, साखर, बटाटे सोडले. वजन उतरले, धावणे सुधारले. आपल्याच ग्रंथातील कर्बोदकांची पाने फाडून टाका, असे ते वाचकांना जाहीरपणे सांगू लागले.

२०१३ मध्ये त्यांच्या सहलेखनातील 'द रियल मील रेव्होल्यूशन' हे पुस्तक दक्षिण आफ्रिकेत प्रचंड खपले. या आहाराला तिथे 'बँटिंग' म्हणतात. १८६३ मध्ये आपल्या लठ्ठपणावरील उपायाविषयी पत्रिका लिहिणारे लंडनचे विल्यम बँटिंग यांच्यावरून हे नाव आले.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. मधुमेह असलेल्या व्यक्तीने कर्बोदके कमी केली तर रक्तातील साखर आटोक्यात राहायला मदत होते का? याला आज बराच आधार आहे. पण कमी कर्बोदके आणि भरपूर मेद हा आहार सर्वांसाठी, लहान मुलांसाठी आणि वेगवान खेळाडूंसाठीही उत्तम आहे का? हा वेगळा प्रश्न आहे. नोक्स यांचा सार्वजनिक प्रचार पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्याकडे फार लवकर गेला, असा त्यांच्या टीकाकारांचा आक्षेप होता. २०१४ मध्ये त्यांच्याच विद्यापीठातील काही प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून असहमती जाहीर केली.

७. सुनावणी आणि प्रयोग

फेब्रुवारी २०१४ मध्ये एका आईने ट्विटरवर या आहाराविषयी आणि स्तनपानाविषयी विचारले. बाळाला वरचे अन्न सुरू करताना कमी कर्बोदकांचा आहार द्यावा, असे उत्तर नोक्स यांनी दिले. एका आहारतज्ज्ञाच्या तक्रारीवरून दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य व्यवसाय परिषदेने व्यावसायिक गैरवर्तनाच्या आरोपावर सुनावणी सुरू केली. ती अनेक टप्प्यांत चालली. एप्रिल २०१७ मध्ये समितीने त्यांना निर्दोष ठरवले आणि जून २०१८ मध्ये त्याविरुद्धचे अपीलही फेटाळले गेले.

या निकालाचा अर्थ नीट लावा. नोक्स यांनी डॉक्टर म्हणून गैरवर्तन केले का, एवढाच प्रश्न समितीपुढे होता. आहाराचा सिद्धान्त बरोबर की चूक, हे अशी समिती ठरवू शकत नाही. त्यांच्या समर्थकांनी मात्र हा आहाराचाच विजय मानला.

खेळाडूंपुरता प्रश्न दुसरीकडे तपासला गेला. ऑस्ट्रेलियातील क्रीडा आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांनी अव्वल दर्जाचे चालण्याच्या शर्यतीचे खेळाडू एकत्र आणून तीन आठवड्यांच्या सराव शिबिरात त्यांना तीन प्रकारचे आहार दिले : भरपूर कर्बोदके, दिवसानुसार कमी-जास्त कर्बोदके, आणि अत्यल्प कर्बोदके व भरपूर मेद. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या गटाच्या खेळाडूंच्या शरीराने मेद जाळण्याची क्षमता खूप वाढवली, हे नोक्स यांच्या म्हणण्याशी जुळले. पण तोच वेग राखायला त्यांना अधिक ऑक्सिजन लागू लागला. पहिल्या दोन गटांची १० किलोमीटरची वेळ सुधारली, तिसऱ्याची सुधारली नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनरावृत्तीतही तेच दिसले. तीन आठवडे अपुरे आहेत, असे कमी कर्बोदकांचे समर्थक म्हणतात. मंद गतीच्या, दिवसभराच्या धावण्याला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही, हेही मान्य करावे लागेल. तरी अव्वल वेगवान खेळाडूसाठी कर्बोदकांचा त्याग फायद्याचा आहे, असा पुरावा यातून मिळाला नाही.

८. मूल्यमापन

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पाण्याचा वाद आणि कर्बोदकांचा वाद, दोन्हींत माणूस तोच. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःचेच जुने मत सोडले, आणि दोन्ही वेळा प्रस्थापित सल्ल्याला विरोध केला. तरी निकाल वेगळा लागला.

पहिल्या वादात सुरुवात दुसऱ्याच्या शरीरापासून झाली. एका रुग्णाकडून चार, चारांकडून आठ, आठांकडून दोन हजार, असा पुरावा वाढत गेला. इतर देशांतील लोकांनी स्वतंत्रपणे तपासले आणि तेच आढळले. सल्ला बदलताच आजारी पडणारे कमी झाले. दुसऱ्या वादात सुरुवात स्वतःच्या शरीरापासून झाली. ६१ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या एका पुरुषाचा अनुभव खरा होता, पण तो तरुण ऑलिंपिकपटूचा किंवा बाळाचा अनुभव नव्हता. पुरावा पसरण्याआधी सल्ला पसरला.

बॅसलर आठवा. तेही धावपटू होते आणि धावपटूंना हवी असलेली गोष्ट त्यांनी सांगितली. ती खोडून काढणारे तरुण नोक्स ज्या पद्धतीने वागले, तीच पद्धत वृद्ध नोक्स यांच्या दाव्यांनाही लावावी लागते. यात त्यांचा अनादर नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. २००४ पासून मुंबईत भरणारी मोठी मॅरेथॉन आणि त्यानंतर शहराशहरांत सुरू झालेल्या शर्यती यांमुळे लाखो हौशी लोक धावू लागले आहेत. त्यांना सल्ला देणारे अनेक जण स्वतः धावपटू असतात. सल्लागार धावतो, ही चांगली गोष्ट आहे. उन्हात बाविसाव्या किलोमीटरला पोटाचे काय होते, हे त्याला पुस्तकाबाहेर ठाऊक असते. पण त्याला विचारायचा प्रश्न एकच आहे : तुम्ही सांगता ते तुमच्याशिवाय कुणावर तपासले गेले आहे, आणि ती माणसे माझ्यासारखी होती का?

सारांश

- खेळाडूंच्या जलपानाचा सल्ला विसाव्या शतकात "पिऊ नका"वरून "जमेल तितके प्या"कडे आणि पुढे "तहानेनुसार प्या"कडे गेला.
- अतिजलपानाने रक्तातील सोडियम घटते, हे १९८१ ते २००७ या काळात टप्प्याटप्प्याने सिद्ध होऊन मान्य झाले. यात नोक्स यांचा मोठा वाटा आहे.
- त्यांच्या कमी कर्बोदकांच्या आहाराला मधुमेहाच्या संदर्भात आधार आहे, पण अव्वल वेगवान खेळाडूंच्या बाबतीत नियंत्रित प्रयोगांतून तो मिळालेला नाही.
- व्यावसायिक गैरवर्तनातून निर्दोष सुटणे आणि शास्त्रीय दावा सिद्ध होणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. बेर्गस्ट्रॉम-हुल्टमन यांचा स्वतःवरील प्रयोग आणि नोक्स यांचा २०१० नंतरचा स्वतःच्या आहाराचा अनुभव यांची तुलना करा. कोणत्या गोष्टीमुळे पहिला प्रयोग पुरावा ठरतो?

२. तासाला ५०० मिलिलिटर घाम येणारी धावपटू सहा तास धावते आणि तासाला ८०० मिलिलिटर पाणी पिते. लघवी होत नाही असे धरून शेवटी शरीरात किती पाणी जास्त राहील? वजनकाट्यावर काय दिसेल?

३. १९८५ चा लेख उपलब्ध असतानाही १९९६ चा सल्ला "जास्तीत जास्त प्या" असाच राहिला. यामागील कारणांपैकी तुम्हाला कोणते सर्वांत महत्त्वाचे वाटते? कारण द्या.

४. तुमच्या परिसरातील एखाद्या शर्यतीत पाण्याची टेबले किती अंतरावर होती आणि धावपटूंना पिण्याविषयी काय सांगितले गेले, याची माहिती मिळवा. ते या पाठातील कोणत्या काळाच्या सल्ल्याशी जुळते?